दिवे घाटात वायपर झोपतो म्हणून मोटर बसवली, आता नवीच दुखणी

अंजीरवाला

मंडळी, गाडी १९५१ ची शेव्हर्ले ३१०० पिकअप, उजव्या हाताचं स्टिअरिंग, पुढे दोन सपाट काचा आणि मधे दांडी. आजोबा हिच्यातून सासवडची अंजिरं नि सीताफळं मंडईत आणायचे. आता ती हडपसरला आमच्या सोसायटीत उभी असते आणि सेक्रेटरी दर मीटिंगला तिच्याखालच्या ऑइलचा डाग काढतो. म्हणजे विषय काढतो, डाग मीच पुसतो.

वायपर मूळचा व्हॅक्यूमवरचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन हवा ओढतं, ती ओढ मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या ओतीव नळकांड्यावरून) एका रबरी नळीने डॅशमागच्या डब्यात नेलेली असते. डब्यात एक पातं, ते इकडून तिकडे ढकललं जातं आणि त्याच्याबरोबर वायपर झुलतो. इंजिन नुसतं चालू असताना ओढ भरपूर असते, पण ॲक्सिलरेटर दाबला की ती जवळजवळ संपते. म्हणजे ऐन पावसात दिवे घाट चढायला लागलं की वायपर काचेच्या मधोमध झोपणार, आणि उतारावर पाय काढला की वेड्यासारखा फटके मारणार. आजोबा मिनिटाला एकदा पाय उचलून दोन फटके मारून घ्यायचे. आजी खिडकीतून हात काढून काचेला तंबाखू चोळायची, त्याने पाणी थेंब न धरता पसरतं. ती तंबाखू खात नसे, फक्त काचेसाठी पुडी ठेवायची. निदान आम्हाला तसं सांगायची.

वडिलांनी गाडी पूर्वीच ६ व्होल्टवरून १२ वर नेली होती. म्हणून यंदा जूनच्या आधी मी नाना पेठेतून (पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार) मारुती ओम्नीची जुनी वायपर मोटर आणली, भोसरीत ओळखीच्या वर्कशॉपमधून ३ मिमी पट्टीचं ब्रॅकेट करून घेतलं आणि व्हॅक्यूमचा डबा काढून त्या जागी ती बसवली. दोन्ही काचांकडे जाणाऱ्या पट्ट्या मोटरच्या क्रँकच्या (मोटरबरोबर गोल फिरणाऱ्या छोट्या दांड्याच्या) एकाच पिनवर घेतल्या. टेबलावर बॅटरी लावून पाहिली होती तेव्हा मोटर अशी मऊ फिरत होती की बघत राहावं.

गाडीत मात्र तीन दुखणी. वायपरचं पातं काचेबाहेर जाऊन कडेच्या पत्र्यावर खट्ट आपटतं, रंग उडालाय. बटण बंद केलं की जिथे असेल तिथे थांबतं, बहुतेक वेळा बरोबर माझ्या नाकासमोर. आणि हेडलाइट लावले की वेग निम्मा. मोटरच बाद निघाली का? दुसरी आणू?

(इंजिनही महिनाभर आयडलिंगला लंगडतंय, पण ते हल्लीच्या पेट्रोलमुळे असावं. त्याचा धागा वेगळा काढीन.)

तळ्यातमळ्यात

अरेरे, डबा काढलात! त्या जागी एक छोटी हवाबंद टाकी आणि मधे एकेरी झडप घातली असती तर पाय उचलल्यावर साठलेली ओढ चढावर पुरली असती. माझ्या मामांच्या गाडीत तसंच आहे. सलग घाटाला नाही पुरत, पण चार-सहा फटके मिळतात. असो. डबा भंगारात देऊ नका एवढंच. आतल्या पात्याची कड चामड्याची असेल तर ती वाळलेली असते, तेल पाजलं की परत जीव धरते.

अंजीरवाला

डबा पेढ्याच्या खोक्यात, खोका माळ्यावर. भंगारात दिला तर वडील मला देतील.

कंपासपेटी

पत्र्यावर आपटण्याचं कारण मोटर नाही, भूमिती आहे. तुमचा जुना डबा मुळातच पुढे-मागे हलायचा, त्याचा झोका ठरलेला होता. ही मोटर पूर्ण गोल फिरते. म्हणजे आता पातं किती अंशांत झुलणार ते दोन लांब्या ठरवतात: मोटरच्या क्रँकची (मध्यापासून पिनपर्यंत) आणि वायपरच्या दांड्याला खाली जो लिव्हर आहे त्याची. क्रँक भागिले लिव्हर, त्याचा साइन इन्व्हर्स, गुणिले दोन. पट्टी पुरेशी लांब असेल तर हे बऱ्यापैकी बरोबर येतं. दोन्ही मापं टाका. आणि मुळात किती झोका हवा तेही मोजा, अंदाजाने नको.

अंजीरवाला

मोजलं सर. क्रँक ४५ मिमी, लिव्हर ५० मिमी.

हवा असलेला झोका कसा मोजायचा यावर दोन दिवस अडलो होतो. काल संध्याकाळी ऊन तिरपं आलं आणि काचेवर जुन्या रबराने इतक्या वर्षांत घासून घासून काढलेली कमान दिसली. बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच मध्याभोवती, लग्नातल्या रांगोळीसारखे. मुलीच्या कंपासमधला कोनमापक लावला: शंभर अंश, एखादा इकडे तिकडे.

कंपासपेटी

ओरखड्यांवरून मोजलंत हे फार आवडलं. पंचेचाळीस भागिले पन्नास म्हणजे ०.९, झोका १२८ अंश. अठ्ठावीस अंश जास्त, म्हणून पत्रा खातोय. शिवाय क्रँक लिव्हरच्या इतका जवळ गेला की टोकाला पट्टी आणि लिव्हर जवळजवळ एका रेषेत येतात, तिथे मोटरला उगाच जोर लागतो. क्रँकवर ३८ मिमीला नवीन भोक पाडा. ९९ अंश येईल.

घोरपडी मिस्त्री

साहेब, मोटर चांगली आहे, दुसरीवर पैसे घालू नका. माझं निम्मं आयुष्य वायरिंगमध्ये गेलं, तेव्हा माझं ऐका.

नाकासमोर थांबतो कारण तुम्ही साधं चालू-बंद बटण लावलंय. ओम्नीच्या मोटरमध्ये झाकणाखाली पार्किंगचा कॉन्टॅक्ट असतो. पातं वाटेत असेपर्यंत त्या वायरला करंट असतो, जागेवर आलं की तीच वायर अर्थला जाते आणि मोटर जागच्या जागी ब्रेक मारते. त्यासाठी बटण टू-वे हवं, जिन्यातल्या दिव्याला असतं तसं. मधल्या पिनेला मोटरची हळू वेगाची वायर, एका बाजूला फ्यूजमधून आलेला करंट, दुसऱ्या बाजूला पार्किंगची वायर. पार्किंगच्या कॉन्टॅक्टला इग्निशनवरून करंट कायम पाहिजे, तो बटणातून नेऊ नका. वायरींच्या रंगांवर जाऊ नका, जुन्या मोटरमध्ये कुणी काय जोडलंय भरवसा नाही, टेस्ट लॅम्पने शोधा. फ्यूज १० अँपिअर.

आणि क्रँक परत लावाल तेव्हा आधी नुसती मोटर चालवून बंद करा, ती पार्कला येऊन थांबू द्या. मग पातं हाताने खाली ठेवून क्रँक आवळा. लोक उलटं करतात आणि मग पातं उभं पार्क होतं.

हेडलाइटचं म्हणाल तर अर्थिंग. तुमची मोटर रबरी बुशांवर, ब्रॅकेट रंगवलेलं, खाली पत्रा रंगवलेला. करंट परत जाणार कुठून? मल्टीमीटर घ्या, एक टोक मोटरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, वायपर आणि हेडलाइट दोन्ही चालू. काच ओली करून, कोरड्या काचेवर चालवू नका. आकडा सांगा.

आता मला एक सांगा. डबा काढलात, त्याची नळी कुठे आहे?

अंजीरवाला

मिस्त्री, आकडा २.३ व्होल्ट.

आणि नळी... तुमचा शेवटचा प्रश्न वाचून चप्पल न घालताच खाली गेलो. डॅशमागे लोंबकळत होती, मीच वळवून खुंटीला अडकवलेली. गाडी चालू करून कान नेला तर सूंऽऽ असा आवाज. टोकावर बोट ठेवलं, बोट आत ओढलं गेलं आणि इंजिन एका क्षणात सरळ चालायला लागलं. बोट काढलं की लंगडं. चार वेळा करून पाहिलं. वॉचमन बघत होता.

महिनाभर मी पेट्रोलला शिव्या घालतोय. कार्ब्युरेटर दोनदा उघडला.

घोरपडी मिस्त्री

मॅनिफोल्ड उघड्या नळीतून फुकटची हवा ओढतंय, मिश्रण पातळ होतंय, लंगडणारच. २.३ म्हणजे मोटरला जेमतेम दहा व्होल्ट मिळत असतील. बॉडीवरून वेगळी अर्थची वायर काढा, अडीच स्क्वेअर मिमीची, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

अंजीरवाला

रविवारचा अहवाल. भोक ३८ मिमीला पाडलं, पातं आता ओरखड्यांच्या कमानीतच फिरतं, नवं रबर जुन्या वाटेने. अर्थची वायर टाकली, आकडा ०.१. हेडलाइट लावले तरी वेगात फरक नाही. पार्किंग पहिल्या फेरीत उलट्या बाजूला झालं कारण मी घाईत मिस्त्रींचा क्रम विसरलो. दुसऱ्यांदा नीट केलं. मुलीने गच्चीवरून बादली ओतली, सेक्रेटरी थोडासा भिजला.

एकच राहिलं. नळी काढून मॅनिफोल्डवरचं भोक बंद करायचंय. जुना डबा खोलताना एक दोन सुती (पाव इंची) बोल्ट निघालाय, तोच आवळून टाकू का?

घोरपडी मिस्त्री

बोल्ट नको, आटे वेगळे असतील. नळी ज्यावर बसते तो तिथला नोजल काढून घेऊन दुकानात जा, त्याच आट्याचा पितळी प्लग घ्या. टेफ्लॉनचे दोन वेढे, आणि बेताने आवळा. मॅनिफोल्ड बिडाचं आहे, तडकलं तर नाना पेठेत मिळायचं नाही.