डेल्टा कावीळ देशात खरंच कमी आहे, की आपण तपासतच नाही?

वणीकर:
हिपॅटायटिस डी, म्हणजे डेल्टा, या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूबद्दल डॉक्टरांकडून एकच उत्तर मिळतं: "भारतात तो फारसा नाही." हे उत्तर ज्या मोजणीवर उभं आहे ती मला अपुरी वाटते, म्हणून हा धागा.

१९७७ साली इटलीतल्या तुरिन इथे मारिओ रिझेट्टो यांना हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या यकृतात याचा माग लागला. माणसाला होणाऱ्या विषाणूंमध्ये हा सगळ्यात लहान. बाहेरचं कवच याला स्वतःचं नाही, ते तो बी विषाणूकडून घेतो. त्यामुळे ज्याला पांढरी कावीळ (हिपॅटायटिस बी) नाही त्याला डेल्टा होत नाही. दोन्ही एकदम लागले तर मोठ्या माणसांत बहुधा दोन्ही निघून जातात. पण आधीपासून बी असलेल्याला नंतर डेल्टा लागला, तर बहुतेकांत तो कायमचा बसतो आणि सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) फार लवकर येतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याला कर्करोगकारक ठरवलंय.

आता आकडे बघा. २०१८ ते २०२० या काळात जगभरच्या डेल्टा रुग्णांचे जे अंदाज आले, ते १.२ कोटींपासून थेट ७.२ कोटींपर्यंत आहेत. सहापट तफावत! मुख्य कारण म्हणजे नमुने कोणाचे घेतले. यकृताच्या मोठ्या दवाखान्यात पोचलेला माणूस आधीच जास्त आजारी असतो, तिथे डेल्टा जास्त सापडतो. रक्तदाते किंवा गरोदर बाया तपासल्या की कमी. आपल्याकडचे अभ्यास बहुतेक शहरी रुग्णालयांतले. विदर्भातल्या झरी-जामणीचा किंवा एटापल्लीचा खेड्यातला माणूस त्यात कुठे आहे?

माझी मागणी सरळ आहे. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एकदा डेल्टा अँटीबॉडी (शरीराने डेल्टाविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) तपासा, ती पॉझिटिव्ह आली तर आरएनए, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये हेच सुचवलंय.

तालुका डॉक्टर:
त्यांनी पुढे काय म्हटलंय तेही सांगा. जिथे सगळ्यांची चाचणी शक्य नाही तिथे निवडक रुग्णांना प्राधान्य द्या, असंही त्यात आहे.

माझा तालुका लाखभर लोकांचा धरा. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या रक्तनमुन्यांवरून देशात हिपॅटायटिस बी ०.९५ टक्के निघाला. म्हणजे तालुक्यात हजारेक माणसं. यातले मला माहीत असलेले फार थोडे. बाकीच्यांना स्वतःलाही पत्ता नाही. त्यांच्यासाठी टेनोफोविर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, रोज एक गोळी. ते हजार शोधायचे सोडून त्यातले दहा-वीस डेल्टावाले शोधायला पैसा घालवायचा?

आणि सापडले तर देऊ काय? पेगइंटरफेरॉनची सुई ४८ आठवडे, तीही थोड्यांनाच लागू पडते. बुलेव्हिर्टाइड या डेल्टावरच्या औषधाला युरोपात २०२० मध्ये सशर्त मान्यता मिळाली, पण माझ्या औषधभांडारात ते नाही. वरती पाठवलेला रुग्ण दोन चकरांनंतर जाणं सोडून देतो, हे मी रोज बघतो.

कास्तकार:
मी वाचलं होतं का डेल्टा पाच टक्के हाय. आमचं गाव दोन हजाराचं. मंग शंभर जणांले हाय म्हणता का? काहून कोणी सांगत नाई मंग?

रक्तनमुना:
नाही भाऊ. ते पाच टक्के हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी आहेत आणि तेही जगाची सरासरी. तुमच्या दोन हजारांत बी सुमारे १९ जणांना असेल. त्यांचे पाच टक्के म्हणजे एखादा माणूस. मंगोलियात बी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत डेल्टा सापडतो, तिथलं चित्र इथे लावू नका.

पण डॉक्टरसाहेब, मुळात बीचा आकडाही पक्का नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात बीचे २.९८ कोटी रुग्ण होते. हे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या वर जातं, सर्वेक्षणाच्या दुपटीहून जास्त. आधी बी किती तेच ठरत नाही, तर त्याच्यावरचा डेल्टा कसा ठरणार?

वणीकर, तुम्हालाही एक सांगतो. समजा बीच्या हजार रुग्णांत डेल्टा खरंच दहा जणांना आहे आणि अँटीबॉडीचं किट डेल्टा नसलेल्यांपैकी शंभरात दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. तर खरे दहा आणि खोटे वीस निघतील. आरएनएची सोय नसताना नुसती अँटीबॉडी केली तर वीस घरं विनाकारण घाबरतील.

वणीकर:
म्हणूनच मी दोन्ही चाचण्या म्हटल्या. एकटी अँटीबॉडी मलाही नको.

डॉक्टर, "देऊ काय" याचं उत्तर. डेल्टा बऱ्याचदा बी विषाणूला दाबून ठेवतो. रुग्णाचा व्हायरल लोड (रक्तातलं बी विषाणूचं प्रमाण) कमी येतो, त्याला सांगतात की औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी ये. इकडे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) चढलेलाच. मग दारूवर ठपका. न पिणाऱ्यालाही "खरं सांग, घेतोस ना?" असं विचारलेलं मी माझ्या दुकानाच्या काउंटरवरून ऐकलंय. टेनोफोविर डेल्टावर चालत नाही. त्यामुळे गोळी नियमित घेऊनही यकृत खराब होत जातं आणि घरचे म्हणतात हा गोळ्या चुकवतो. औषध नसलं तरी निदान ही बदनामी टळेल. सोनोग्राफी वेळेवर होईल, कॅन्सरची गाठ लहान असताना दिसेल.

मेळघाटची आशा:
मी धारणीकडची. माझा वणीकर दादांना विरोध आहे, राग मानू नका. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बीची लस मिळाली आणि पुढचे डोस पूर्ण झाले तर बी बहुतेक टळतो, आणि बी नाही तर डेल्टाही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नाला भरला की बाळंतपण घरीच होतं, आणि लस केंद्रात राहते. माझ्या हातात पैसे दिले तर मी पहिले तिथे लावीन.

दुसरं म्हणजे सुई. ताप आला की लोकांना सुईच पाहिजे, आणि बोगस डॉक्टर एकच सुई किती जणांना टोचतो कोण बघतं? २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंजमुळेच बीची साथ आली होती, माणसं मेली. हे बंद केलं तर मोजायलाच काही उरणार नाही.

वणीकर:
ताई, राग कशाचा? लसीच्या बाबतीत तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण ही लस देशभरच्या लसीकरणात आली २०११ च्या सुमारास. आज जो तीस-चाळीस वर्षांचा आहे त्याला बाळाच्या लसीचा उपयोग नाही, आणि आजारी पडतोय तोच.

सगळ्यांची तपासणी आत्ता जमत नसेल तर हे तरी करा. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत वर्षभरात रक्तपेढ्यांत आणि गरोदरपणाच्या तपासणीत जेवढे एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघतात, त्यांचं रक्त संमती घेऊन सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डेल्टासाठी तपासा. हे लोक आजारी म्हणून आलेले नसतात, म्हणून गावाचं चित्र कळेल.

तालुका डॉक्टर:
हे चालेल, एका अटीवर. निकाल नुसता तक्त्यात जाऊ नये, माणसाकडे परत यावा आणि समजावून सांगणारं कोणी असावं. बीचं नाव काढलं तरी घरात ताट-पेला वेगळा होतो. एकत्र जेवल्याने हे पसरत नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. सरसकट चाचणीला माझा विरोध कायम आहे. लोड कमी आणि एसजीपीटी जास्त अशांचे नमुने मात्र मी डेल्टासाठी पाठवायला लागेन.

कास्तकार:
माह्या भावाले रक्तदान शिबिरानंतर सांगतलं का तुले पांढरी कावीळ हाय. थो पीत नाई. त्यानं काय कराव?

रक्तनमुना:
त्यांना एसजीपीटी आणि व्हायरल लोड दोन्ही करायला सांगा. लोड कमी आणि एसजीपीटी चढलेला असेल तर डेल्टाची चाचणी स्वतः तोंडाने मागा. वहिनी आणि पोरांची एचबीएसएजी तपासणी याच आठवड्यात करा. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांना तीन डोस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा, जेवण एकत्रच करा.