उत्तर: लिओकॅडमध्ये विटांची यादी कोरी दिसते

काका, सादर नमस्कार.
मंडळाच्या गणेशोत्सवाच्या देखाव्यासाठी मुलांनी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लेगोच्या विटांत करायचे ठरवले आहे. विटा विकत घेण्याआधी तो संगणकावर रचून पाहावा, या आपल्या सूचनेप्रमाणे मी लेगोची रचना संगणकावर करून पाहायचे लिओकॅड बसवले, एलड्रॉ या लेगो-रचनेच्या प्रणालीचा भागसंग्रह (विटांच्या संगणकीय आकृत्यांचा साठा) वेगळा उतरवून झिप उलगडली आणि त्या फोल्डरचा पत्ताही दिला. तरी यादी कोरीच आहे. कुठे चुकते आहे?

---

ताई, स. न. वि. वि.
चूक बहुधा पत्त्यात आहे. झिप उलगडताना एलड्रॉ नावाच्या फोल्डरात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर तयार होतो आणि आपण बाहेरचा दाखवून मोकळे होतो. ज्याच्या आत ‘पार्ट्स’ आणि ‘पी’ हे दोन्ही फोल्डर लगेच दिसतात, तोच पत्ता द्यावा. सदाशिव पेठेत बसून मी यापायी दोन संध्याकाळी घालवल्या; नंतर कळले की विंडोजवर लिओकॅडबरोबर संग्रह आपसूकच येतो आणि वेगळा उतरवलेला संग्रह झिप न उलगडताही वाचला जातो.

मोजमापाची पद्धत मुलांना आधी समजावावी. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ साली एलड्रॉ लिहिले आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांचे एकक आजही चालते: एक एकक ०.४ मि.मी., दोन शेजारच्या स्टडमधले (विटेवरच्या गोल उंचवट्यांमधले) अंतर २० एकके म्हणजे ८ मि.मी., विटेची उंची २४ आणि पातळ प्लेटची ८ एकके. म्हणून तीन प्लेट्स मिळून एक वीट होते. एलड्रॉची फाईल साधा मजकूर असते. दोन बाय चारची वीट तिथे ३००१ या क्रमांकाने येते. त्या मजकुरात उभा अक्ष खाली वाढतो. नोटपॅडमध्ये मी वर चढवायच्या विटेला २४ आकडा दिला आणि ती जमिनीखाली गेली. उणे २४ हवे होते.

दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे करायला बाजूला स्टड असलेली वीट घेऊन तिच्यावर लहान शंकू बसवावा. मात्र एक जपावे: दोन विटा एकाच जागी ठेवल्या तरी लिओकॅड हरकत घेत नाही, आणि अधांतरी ठेवलेली वीटही पडत नाही. खरेदीची यादी काढण्यापूर्वी प्रत्येक थर वेगळा लपवून पाहावा.

---

काका,
आतला फोल्डर दाखवताच यादी भरली. आम्ही थर लपवत गेलो, तेव्हा डाव्या झडपेत चार विटा एकमेकींत घुसलेल्या सापडल्या. सुधारलेली फाईल सोबत जोडली आहे. कमानीचा वरचा थर आपण एकदा पाहून घ्यावा, ही विनंती.