मदत हवी आहे: नवीन फायनान्स कंट्रोलर विक्रीची नोंदच घेत नाहीत

घाईत_आहे
नमस्कार मंडळी, तातडीचं आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमच्याकडे इतकी वर्षं हिशेबाला एक जुने अकाउंटंट होते. बिल निघालं की विक्री, असं सरळ काम. ते निवृत्त झाले आणि एक क्वालिफाइड बाई फायनान्स कंट्रोलर, म्हणजे हिशेब विभागाच्या प्रमुख, म्हणून आल्या. तेव्हापासून सगळं अडलंय. एका मोठ्या ऑर्डरचं बिल काढलंय, ग्राहकाने ते स्वीकारलंय, तरी त्या ती विक्री या वर्षात धरायला तयार नाहीत. वर्षअखेर तोंडावर आहे. प्रश्न एकच: कंपनीचा पगार घेणारा अकाउंटंट व्यवस्थापनाला नाही म्हणू शकतो का? म्हणत असेल तर कोणाकडे जायचं?

खतावणी
माल गेला का?

घाईत_आहे
माल पूर्ण तयार आहे. पॅकिंगसुद्धा झालंय.

खतावणी
तयार आहे ते कळलं. आहे कुठे? आणि तुम्ही कंपनीत कोण?

धंदेवाला
तुम्ही लगेच उलटतपासणी कशाला सुरू केलीत? धागाकर्त्याचा प्रश्न साधा आहे. अकाउंटंटने धंद्याच्या बाजूने उभं राहावं. माझ्या कंपनीत दोनदा असे 'नियमवाले' येऊन गेले. ऑर्डर हातची गेली तर नियम पगार देणार आहेत का? तपासायला बाहेरचा ऑडिटर असतोच की.

खतावणी
ऑडिटर ताळेबंदावर मत देतो. ताळेबंद बनवायची जबाबदारी कंपनीच्या व्यवस्थापनाची, आणि त्यात या बाई आल्या. आतला माणूस ढिला पडला तर ऑडिटरसमोर चुकीचाच कागद जातो.

ढगातला_डेटा
तुमची ईआरपी, म्हणजे बिलं-साठा-हिशेब एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर सिस्टीम, कोणती? चांगल्या सिस्टीममध्ये डिस्पॅच एंट्रीशिवाय बिलच निघत नाही, हा वाद उद्भवलाच नसता. आम्ही बदलली तेव्हा महिनाअखेरची निम्मी डोकेदुखी गेली. हवी असेल तर निरोप करा, माहिती देतो.

घाईत_आहे
ईआरपीबद्दल विचारलेलं नाही. माल आमच्याच गोदामात आहे, ग्राहकाची जागा तयार नाही म्हणून. मी विक्री विभाग सांभाळतो. आता तरी उत्तर द्या.

खतावणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तुमची कंपनी आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं, लावत असेल तर आयएफआरएस १५ बघा, २०१८ पासून लागू आहे. विक्री बिलाच्या तारखेला धरत नाहीत, मालाचा ताबा ग्राहकाकडे गेला की धरतात. माल विकणाऱ्याकडेच ठेवून विक्री दाखवता येते, तिला बिल-अँड-होल्ड म्हणतात, पण तिच्या अटी कडक आहेत. माल ठेवून घेण्याला खरं कारण हवं, उदाहरणार्थ ग्राहकाने स्वतः केलेली विनंती. तो माल त्याचा म्हणून वेगळा ओळखता यायला हवा. आजच उचलून नेण्याजोगा हवा. आणि तुम्हाला तो स्वतः वापरता किंवा दुसऱ्या कोणाला देता येता कामा नये. चारही एकत्र लागतात. सांगा, काय काय आहे?

किंमतशोध
सगळे विक्रीच्या तारखेत अडकलेत. त्या ऑर्डरवर सुटतंय किती, ते कोणी विचारलंच नाही. कंपनीतल्या अकाउंटंटचं खरं काम कॉस्टिंग आहे. कोणतं उत्पादन स्थिर खर्चाला किती हातभार लावतं, कोणता ग्राहक उशिरा पैसे देऊन खेळतं भांडवल खातो, हे सांगणारा माणूस मी कंट्रोलरपेक्षा वर ठेवेन. मी हे काम बरीच वर्षं केलंय. विक्री वाढली आणि कंपनी रोखीला महाग झाली, असं वारंवार पाहिलंय.

धंदेवाला
कॉस्टिंगवाले आले की माझा सेल्समन किंमत सांगायलाच घाबरतो.

किंमतशोध
खर्च माहीत नसताना किंमत सांगायला घाबरावं, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षार्थी
धागा छान चाललाय. मला कंपनीतच काम करायचंय, ऑडिट फर्ममध्ये नाही. त्यासाठी सीए बरं की मॅनेजमेंट अकाउंटन्सीचा कोर्स?

जुनापान
दुहेरी नोंद पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याचं, सविस्तर वर्णन इटालियन गणितज्ञ लुका पाचिओली यांनी व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलं. शोध त्यांचा नव्हे, तिथले व्यापारी आधीपासून तसेच हिशेब ठेवत होते. तेव्हाही वही व्यापाऱ्याला स्वतःची स्थिती कळावी म्हणूनच होती.

जमाखर्च
@घाईत_आहे, मी स्वतः कंट्रोलर आहे, म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते. हो, नाही म्हणू शकते. म्हणावंच लागतं. व्यावसायिक अकाउंटंट पगार कंपनीचा घेतो, पण त्याच्या संस्थेची आचारसंहिताही त्याला बांधते. जगभरच्या बहुतेक संस्थांच्या संहिता आयईएसबीए या अकाउंटंटसाठीच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंडळाच्या संहितेवर बेतलेल्या आहेत. तिचं कलम २२० माहिती तयार करण्याबद्दल आहे: दिशाभूल होईल असा आकडा मांडायचा नाही. कलम २७० दबावाबद्दल आहे, कारण दबाव येणार हे गृहीतच आहे. तो वरिष्ठांकडून येवो की तुमच्यासारख्या सहकाऱ्याकडून, उत्तर तेच. २०१७ पासून कायदाभंग दिसल्यास काय करायचं याचीही चौकट त्यात आली.
आणि हा हट्ट नाही. वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीत रोजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवून नफा फुगवला गेला. २००२ मध्ये सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत ऑडिट टीमने ते बाहेर काढलं, तेव्हा पहिला जाहीर आकडा ३.८ अब्ज डॉलर होता. हिशेब विभागातल्या बेटी विन्सन यांनी वरिष्ठांच्या सांगण्यावरून नोंदी केल्या होत्या. त्यांनाही तुरुंगवास झाला.

धंदेवाला
एका ऑर्डरसाठी थेट वर्ल्डकॉम? अति होतंय.

जमाखर्च
रक्कम लहान असेल, नोंदीची जात तीच आहे. ऑडिटर वर्षअखेरच्या आगेमागेची डिस्पॅच चलनं आणि गेटचं जावक रजिस्टर काढतो, ती बिलांशी लावतो. बिल आहे आणि गेटवर नोंद नाही, हे पहिल्या तासाभरात सापडतं. माल मोजणीत स्टॉकमध्ये आला असेल तर तोच माल विक्रीतही आणि साठ्यातही. नफा दोन्हीकडून फुगतो.
@घाईत_आहे, एवढी घाई नेमकी कशाची? इन्सेंटिव्ह?

घाईत_आहे
इन्सेंटिव्ह आहेच, पण खरा प्रश्न बँकेचा आहे. कर्जाच्या करारात नफ्याच्या प्रमाणात कर्जाची मर्यादा आहे. ही ऑर्डर धरली नाही तर ती मोडते. एमडी दिवसभर माझ्या मागे आहेत.
अटींचं सांगतो. जागा तयार होईपर्यंत माल ठेवा, असा ग्राहकाचा मेल आहे. माल न्यायला तयार आहे. पण पेटाऱ्यांवर त्यांचं नाव नाही, आणि त्यातले काही दुसऱ्या ग्राहकाला देता येतील का असं आमच्याच टीमने परवा विचारलं.

खतावणी
मग तो माल आज तुमचाच आहे. कंट्रोलर बाईंचं बरोबर आहे. पण वर्ष संपलेलं नाही ना? मग पेटारे वेगळे करून नावं लावा, दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत हे लेखी ठरवा, मेल त्यांच्या हातात द्या. हे खरोखर घडलं तर त्या पुन्हा तपासतील. नुसती लेबलं चिकटवून टीम माल फिरवणार असेल तर काही उपयोग नाही. तारखा मागे टाकायचं तर मनातही आणू नका.
बँकेचं जास्त महत्त्वाचं. मर्यादा मोडली आणि बँक लगेच पैसे मागू शकत असेल, तर अख्खं कर्ज चालू देण्यांत, म्हणजे वर्षभरात फेडायच्या रकमांत, जातं. बँकेकडून सूट घ्यायची तर वर्ष संपायच्या आत, लेखी, आणि वर्षअखेरीनंतर किमान १२ महिने लागू राहील अशी. नंतर मिळालेल्या पत्राने ताळेबंदातलं वर्गीकरण बदलत नाही.

किंमतशोध
सूट मागताना पुढच्या वर्षाचा रोख प्रवाह अंदाजही जोडा. बँक तोच आधी वाचते.

परीक्षार्थी
कोर्सचं कोणी सांगेल का?

जमाखर्च
@परीक्षार्थी, दोन्ही चालतात. ज्यात काम करतानाचा अनुभव जास्त मिळेल तो घे. वेगळा धागा काढ, सविस्तर लिहिते.

घाईत_आहे
आत्ताच कंट्रोलर बाईंशी बोललो. बँकेच्या पत्राचा मसुदा आणि बारा महिन्यांचा रोख अंदाज त्यांनी आधीच करून एमडींना पाठवलाय. ऑर्डर धरून एक आकडा, न धरता एक. एमडींनी अजून उघडलेला नाही. बँकेला फोन त्यांनी करावा की एमडींनी?

जमाखर्च
एमडींनी करावा, त्या शेजारी हव्यात. आकडे त्या सांगतील, माल कधी गेटबाहेर पडणार ते तुम्ही सांगा. ती तारीख आजच ग्राहकाकडून लेखी मागवा.