दक्षिणेचे तट बांधणारे गुलाम: ही 'सेवा' कसली?

वेताळटेकडी: अमेरिकन यादवीत (१८६१-६५, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तरेचं सरकार) 'काळे लोकही दक्षिणेच्या बाजूने होते' हे परवा पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं. होते ना, हातात कुदळ-फावडं घेऊन! दक्षिणेची राजधानी रिचमंड, पीटर्सबर्ग, अटलांटा, जिथे तिथे मातीचे तट त्यांनीच रचले. व्हर्जिनियाने ऑक्टोबर १८६२ मध्ये कायदाच केला: १०,००० पर्यंत गुलाम ६० दिवसांसाठी घ्यायचे, महिना १६ डॉलर. मिळणार मालकाला! हजेरीपट आजही अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका रकान्यात राबणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात मालकाचं, आणि पैसे घेतल्याची सही मालकाची नाहीतर त्याच्या माणसाची.

घाटावरचा: लढाईत सगळीच सरकारं माणसं धरून नेतात. आपल्याकडे किल्ल्यांना वेठ नव्हती? आणि उत्तरेकडचे काय धुतल्या तांदळासारखे होते? नॅशव्हिलचा फोर्ट नेग्ली १८६२ मध्ये त्यांच्याच फौजेने काळ्यांना धरून आणून बांधून घेतला. कित्येकांना मजुरी दिलीच नाही.

वेताळटेकडी: नेग्लीचं मान्य, लाजिरवाणंच आहे ते. पण वेठीचा माणूस शिव्या घालत का होईना, आपल्या घरी परतायचा. इथला परतायचा मालकाकडे, कापूस नाहीतर तंबाखू वेचायला.

मीनल_ठाणे: मला तर मालकांचंच नवल वाटतं. गुलामी टिकवायला युद्ध, आणि त्यासाठी सरकारने गुलाम मागितले की कुरकुर! आजारी पडेल, पळून जाईल. पळत होतेच म्हणा. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड हे तिघे सीवेल्स पॉइंटच्या तोफांचा मोर्चा बांधता बांधता रात्री होडीतून सटकले, ते थेट उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यात. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने दक्षिणेचा एक मेजर हजर: पळालेल्या गुलामांच्या कायद्याने परत द्या. किल्ल्यावरचे उत्तरेचे जनरल बटलर वकील माणूस. म्हणाले, तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता ना, मग आमचा कायदा तुम्हाला कुठला? शत्रूच्या कामाचा माल म्हणून ठेवून घेतले. 'माल' हा शब्द बोचतोच, पण परत दिले नाहीत.

घाटावरचा: आणि दक्षिणेने १८६५ मध्ये केलेला काळ्यांच्या सैन्यभरतीचा कायदा?

मीनल_ठाणे: तारीख बघ. १३ मार्च. ३ एप्रिलला रिचमंड पडलं. शिवाय त्या कायद्याने कोणी आपोआप मुक्त होणार नव्हतं. दक्षिणेचेच जनरल, जॉर्जियाचे हॉवेल कॉब तर जानेवारीतच म्हणाले होते, गुलाम चांगले शिपाई ठरले तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चुकीचा.

घाटावरचा: बरं, भरतीचा मुद्दा सोडला. नेग्ली मात्र सोडत नाही.