पीएच.डी., गौरी-गणपती आणि घर

प्रश्न: माझे पीएच.डी.चे तिसरे वर्ष चालू असून संशोधन सल्लागार समितीपुढील सहामाही सादरीकरण नेमके गौरी-गणपतीच्या तोंडावर आले आहे. सासरी कोकणात गेले नाही तर सगळे नाराज होतील. मार्ग कसा काढावा?

उत्तर १: मार्गदर्शकांना आत्ताच कल्पना देऊन अहवालाचा मसुदा पंधरवडाभर आधी द्यावा, कारण गौरीजेवणाच्या दिवशी पुरण शिजत असलेल्या घरात लॅपटॉप उघडणे केवळ अशक्य आहे. बाकीच्या मुंजी-बारशी खुशाल टाळाव्यात.

उत्तर २: मूल लहान असल्यास, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार महिला संशोधकांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, हे अनेकींना ठाऊकच नसते.

प्रश्नकर्ती: मुलगी लहान आहे, रजेबाबत विभागात चौकशी करते.