मदत हवी आहे: चिठ्ठी 120 ची, बाटली 250 ची, पॅरासिटामॉल किती मिली द्यायचं?

मुलगी 20 महिन्यांची, वजन 11 किलो, आजच काट्यावर पाहिलं. ताप 101.8, काखेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉल 5 मिली आहे, पण ते 5 मिलीत 120 मिग्रॅवालं. मेडिकलवाल्याने दिलं 250 वालं, वर ‘सगळं सारखंच असतं’ हेही ऐकवलं! म्हणजे चिठ्ठीप्रमाणे 5 मिली दिलं तर थेट दुप्पट. अजून एकही डोस दिलेला नाही.

माझा हिशोब: किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिग्रॅ, म्हणजे 110 ते 165. या बाटलीत मिलीला 50 मिग्रॅ, म्हणून 2.5 मिली (125 मिग्रॅ). झाकणावरची 2.5 ची रेघ धड दिसत नाही, म्हणून बिनसुईची सिरिंज आणली आहे.

दवाखाना उद्या सकाळी उघडेल. पाणी पितेय, शू नेहमीसारखी, उलटी-पुरळ नाही, लिव्हरचा त्रास नाही. सर्दीचं औषध बंद ठेवलंय, त्यातही पॅरासिटामॉल आहे. आयबुप्रोफेन, मेफेनामिक कृपया सुचवू नका.

कुणी बालरोगतज्ज्ञ किंवा फार्मासिस्ट असतील तर सांगा: 2.5 मिली बरोबर ना? आणि चार तासांनी ताप परत चढला तर पुढचा डोस देता येईल, की 24 तासांत चारच धरून सहा तास थांबायचं?