मदत हवी आहे: श्वास मोजले २८, शीटवर सगळे २०. काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

वय ३१, बारावी आर्ट्स. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा तीन वर्षं घरीच त्यांचं सगळं केलं. त्या गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे, हेच शीक." म्हणून जनरल ड्यूटी असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. वर्ग संपले. आता मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे, कॅज्युअल्टीतून पेशंट थेट आमच्याकडेच येतात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

घरच्यासारखंच काम असेल ही समजूत पहिल्याच दिवशी गेली. घरी कूस बदलायला एक उशी आणि माझे दोन हात पुरायचे. इथे सलाईन, ऑक्सिजनची नळी, युरोबॅग (लघवीची पिशवी). एकदा बॅग पलंगावर ठेवून पेशंटला वळवायला गेले तर सिस्टर ओरडल्याच. लघवी उलटी फिरते, इन्फेक्शन होतं, बॅग कायम कमरेच्या खाली! ते ओरडणं रास्त होतं.

अडचण वेगळीच आहे. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घेणं माझ्याकडे असतं. शिकवलंय तसे श्वास मी घड्याळ बघून पूर्ण मिनिटभर मोजते. परवा रात्री न्यूमोनियाच्या एका आजोबांचे २८ भरले. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५ टक्के, चहा मागत होते. शीटवर सकाळपासून २०, २०, २०. शेजारच्या बेडचे २०. अख्ख्या वॉर्डाचे २०! परत मोजले, २७. सिनियर मामा (वॉर्डबॉय) म्हणाले, "२० लिही गं, कोण बघतंय."

मी २२ लिहिलं. धड खरं नाही, धड खोटं नाही.

पहाटे आजोबांना आयसीयूत हलवलं. आता बरे आहेत म्हणे, पण ते २२ डोक्यातून जात नाही.

असं झालं तर मी नुसतं लिहायचं की कुणाला सांगायचंही? सिनियरच असं म्हणाले तर काय करू? सर्टिफिकेटसाठी त्यांच्याशी वाकडं घेऊन चालणार नाही. आणि पुढे नर्सिंगचा कुठला कोर्स करू, एएनएम की जीएनएम?

प्रतिसाद १
ताई, १४ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० धरतात. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत तब्येत बिघडतेय का ते ओळखायला जो अर्ली वॉर्निंग स्कोअर वापरतात त्यात २५ किंवा जास्त श्वासांना सर्वात वरचे ३ गुण आहेत, आणि एकाच गोष्टीला ३ पडले तरी तातडीने बघायला येतात. शरीर आधी श्वास वाढवून तूट भरून काढतं, म्हणून सॅच्युरेशन काही काळ चांगलं दिसतं. त्यात ऑक्सिजन चालू असेल तर ९५ बघून अजिबात गाफील राहू नका.

काय करायचं हे ठरवणं तुमचं काम नाही, पण आकडा तुमचा आहे. ड्यूटीवरच्या सिस्टरना एवढंच सांगायचं: "बेड ७, श्वास २८, दोनदा मोजले, आधी २० लिहिलेत." कुणाला, किती वाजता सांगितलं ते स्वतःच्या वहीत टिपा. मामांशी वाद घालू नका, २८ लिहा आणि पुढे चला.

आणि मोजतोय हे पेशंटला कळू देऊ नका, श्वास बदलतो. नाडी बघताय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं, नजर छातीवर.

प्रतिसाद २
वरचं सगळं खरं. पण तीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर २० आपोआप लिहिलं जातं, हेही खरं. मामा वाईट नसतील, थकलेले असतील.

कोर्सचं म्हणाल तर वॉर्डातच राहायचं असेल तर जीएनएम. तीन वर्षं, आर्ट्सवाल्यांना चालतं. दोन वर्षांच्या एएनएमचा रोख उपकेंद्र, बाळंतपण, लसीकरण इकडे जास्त. फॉर्म भरण्याआधी वयाची अट मात्र बघा, उशीर करू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आज दुपारी इन्चार्ज सिस्टरना २२ चं सांगून टाकलं. बोलल्या, बरंच बोलल्या. मग म्हणाल्या, "बेड ११ चे मोज माझ्यासमोर." मनगट धरून मोजले. १८ आले. त्यांनी स्वतः परत मोजले आणि शीटवर १८ लिहिलं.